एका दमात

सालेकशाच्या मंडईत रात्रीचा सामना.
लाइटीचा खांब एकच, तोही पंचांच्या बाजूला.
मी तिसऱ्यांदा रेषा ओलांडली
आणि कितव्या तरी कबड्डीला
पोटरीत बिबा उतल्यासारखं झालं.
पडले. हात लांबवला.
रेषा चार बोटं राहिली.

दुसऱ्या दिवशी रहांगडाले मॅडमनी
फळ्यावर काहीच काढलं नाही.
काल दम धरला होतास, म्हणाल्या,
तेवढ्यात पोटरीतल्या पेशींना साखरेचे किती मिळाले?
दोन.
आणि हवा पोचली असती तर?
छत्तीस. नाही, अडतीस.
पुस्तक जुनं आहे, म्हणाल्या, तीसेक धर.

एटीपी म्हणजे चिल्लर.
पाचशेची नोट दाखवून
मंगळवारच्या बाजारात सांबार मिळत नाही,
आधी मोडावी लागते.
आणि ही चिल्लर गाठीला बांधता येत नाही.
अंगात असते मूठभर,
तीच दिवसभर हातोहात फिरते.
सगळा हिशेब मांडला
तर भरते जवळपास माझ्याच वजनाची.

घरी मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं.
कान लावला. आत मोहफुलं
हळूहळू बुडबुडत होती.
तिथंही हवा नाही,
तिथले जीवही दोनावर भागवतात,
साखर अर्ध्या वाटेवर सोडतात.
त्यांनी टाकलेली ती दारू,
मी टाकलेलं ते दह्यातलं आम्ल.

मायला सांगितलं.
म्हंजे तू आन् माहं मडकं सारखेच?
हो, दम सोडेपर्यंत.

पण माझं टाकलेलं वाया जात नाही.
रक्त ते उचलतं, यकृताकडे नेतं,
यकृत त्याची पुन्हा साखर करतं,
पदरचे सहा मोडून.
कमाई दोनाची, भरपाई सहाची!
काहून, मॅडम? हा तर तोट्याचा धंदा.
मॅडम खडूचे तुकडे डबीत भरत होत्या.
पोटरीला तेव्हा दोनच पाहिजे होते, म्हणाल्या,
पण तेव्हाच.

आणि यकृताला?
घंटा झाली.

रात्री मायनं टोरीचं तेल गरम केलं,
माझा पाय मांडीवर घेतला,
टाचेपासून गुडघ्यापर्यंत चोळत राहिली.
दिवसभर ती धानाच्या कापणीवर होती.
मी पडल्या पडल्या मोजत होते.
पाय माझा दुखत होता,
धाप तिला लागली होती.