पाठराखीण

लाडखेडच्या दवाखान्यात
सकाळी नऊलाच पंखा गरम हवा वाटत असतो.
पंचफुलाबाई उजवा हात टेबलावर ठेवते
उधारीचं भांडं परत करावं तसा, जपून,
आणि मी सलाईनने कालची जाळी भिजवत बसते.

अकरा दिवस झाले.
फुटाण्याच्या कढईतली वाळू
मनगटापासून कोपरापर्यंत सांडली.
तीस वर्षं झारा चालवलेला हात.
"भट्टीनं मले वळखलंच नाही वं," ती म्हणते,
जशी काही चूक भट्टीच्या नजरेची.

मडावी डॉक्टर नवे आहेत, समजावून सांगतात.
पेनाचं टोपण जखमेच्या कडेवर, हवेतच धरून:
मधलं गेलं ते गेलं,
उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही.
पण इथं, या काठावर,
जिथं जळायचं की जगायचं अजून ठरलेलं नाही,
तिथं आच लागल्याबरोबर पेशी
हातातली बाकी कामं टाकतात
आणि एकच वस्तू घडवायला बसतात.
स्ट्रेस प्रोटीन.

बाई माझ्याकडे पाहते.
मी जुळवाजुळव करते:
आत सगळं घडीवर चालतं, मावशी,
पेटीतल्या लुगड्यासारखं.
ताप चढला की घडी सुटते,
सुटलेलं सुटलेल्यात गुंततं, बोळा होतो.
तेव्हा ही येते.
सुटलेल्याला धरते, गुंतू देत नाही,
घडी बसेस्तोवर जवळ राहते.
बसली की सोडते. पुढचीकडे जाते.

"मंग पाठराखीण म्हण ना!"

नऊ वर्षांची होती,
थोरलीच्या मागोमाग मेटॅडोरमध्ये बसवून दिली, बोरीला.
"म्या काय केलं? काहीच नाही.
थे रडे, मी तिचा पदर धरून बसून राहो.
पाचव्या दिवशी बाप न्याले आला.
पाठराखीण नांदत नसते, नांदवते."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.
मग म्हणाले, अजून एक आहे.
यातल्या काही पेशीचा उंबरठा ओलांडतात,
बाहेर येऊन काठच्या कातडीला हाक मारतात:
या, मधे या, जागा रिकामी आहे.

मी प्रथिनं कधी पाहिली नाहीत.
मला दिसते ती कड,
परवापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी आत आलेली,
ओली, गुलाबी, कुणाचीच नसल्यासारखी.
आणि मी माझं नेहमीचं सांगते:
डाळ खा, अंडं खा, हात उंच ठेवा,
माशी बसू देऊ नका, भट्टीकडे फिरकू नका.
शेवटचं ती ऐकत नाही.

कोपराखाली भावाचं नाव गोंदलेलं होतं, भीमराव.
त्यातला फक्त 'व' उरलाय.
नवी कातडी येईल, पण तिला हे नाव ठाऊक नसेल.
तेवढं कुठल्या पाठराखिणीला जमत नाही,
हे मात्र मी मराठीत सांगितलं नाही.

पट्टीचा शेवटचा वेढा देताना विचारलं,
बहीण कुठं असते आता?

"थेच, बोरीले. चार नातवंडं झाले.
म्या इचारलं एकदा, आठवते का वं,
मी आलती तं तुह्यासंगं?
म्हणते, तू? तू कधी आलती?"

हसते. हात हलतो.
मी म्हणते, हलू नका.