पान तीनशे अकरा

नऊशे चार पानं. वजन सव्वा किलो,
पोस्टातल्या काट्यावर ठेवून पाहिलं मी.
एव्हेलेथच्या वाचनालयात प्रत एकच,
आणि फेब्रुवारीत, उणे तीस अंशांत,
मिनेसोटातल्या या लोखंडाच्या गावाला दुसरा उद्योग काय?
हॉकी, नाहीतर जगबुडी.

जग बुडतं पहिल्या साठ पानांत.
किनाऱ्यांवर व्हॅम्पायर,
आणि सरोवरात एक धान्यवाहू बोट,
एकशे चाळीस माणसांची,
कुठेच न लागणारी.
बोटीवर एक स्वयंपाकी, जवाचं सूप करणारा.
पान तीनशे अकरावर तो मरतो.
त्याला धड वाक्यही नाही,
स्वल्पविरामानंतर, जाता जाता.

मिसेस झुपांचिचनी पुस्तक परतीच्या पेटीत असं आदळलं
की झाकणाची बिजागरी निखळली.
आत चिठ्ठी: "लेखकाला लाज नाही.
पुढची सहाशे पानं त्यानेच खावीत, कोरडी."

लायल कोस्की रात्रपाळीला खाणीतला ट्रक चालवतो,
दोनशे चाळीस टनांचा.
त्याला स्वयंपाक्याचं काही नाही.
"चाळीस वर्षांनी ती बोट चालते कशावर?
डिझेल नासतं, हे शेंबडं पोरही सांगेल."
व्हॅम्पायर त्याला मान्य आहेत. डिझेल नाही.

सतरा वर्षांची मारिट चार रात्रींत वाचून मोकळी,
डोळे सुजलेले.
ती रडली किनाऱ्यावरच्यांसाठी.
"त्यांना कुणी विचारलंच नाही."
काय विचारायचं होतं, ते तिलाही सांगता येईना.

मग ताउनो रांताला.
सोम, बुध, शुक्र, डायलिसिस केंद्रात
खिडकीजवळची खुर्ची, चार तास.
खाणीत चौतीस वर्षं त्याने रक्ताचं पाणी केलं;
आता एक यंत्र त्या रक्तातलं पाणी काढून घेतं.
डावा हात हलवायचा नाही,
आणि एकट्या उजव्याला सव्वा किलो पेलत नाही.
तक्रार नाही केली. पुस्तक पोटावर उपडं ठेवून
छताकडे बघत राहायचा.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
मी सरकारी मालावर सुरी चालवली.
तीन तुकडे.
पहिला कुठे तोडायचा याचा विचार केला नाही.
खोटं कशाला बोलू, केला.
तीनशे दहावर.

"रक्तातलं याला काही कळत नाही," ताउनो म्हणाला.
"सगळीकडे ऊन ऊन, वाफाळतं लिहितो.
बाहेर फिरून आलेलं रक्त गार असतं गं.
खांद्यापर्यंत हुडहुडी भरते.
तो किनाऱ्यावरचा पोरगा
पिऊन झाल्यावर कुडकुडायला हवा होता."
मारिटला हे सांगितलं. बराच वेळ गप्प होती.
मग तिने शेवटचा तुकडा परत मागून नेला.

मार्चमध्ये मी दुसरा तुकडा घेऊन गेले.
ताउनोने हात लावला नाही.
"लायलला दे, डिझेल मोजायला.
मी इथे बरा आहे, बोटीवर."
झुपांचिचबाई त्याच्या शेजारीच राहतात,
आणि भिंती पातळ.
त्याला कळलं असेल. नसेलही.

पहिला तुकडा पुन्हा पहिल्या पानापासून,
आता तिसऱ्यांदा.
कडा मऊ पडल्यात, फडक्यासारख्या,
आणि खूण म्हणून
नळीवरच्या चिकटपट्टीचा तुकडा.

आताशा मी शिक्का बरोबरच नेते.
परतीची तारीख पुढे ढकलते
आणि विचारते, "आज काय शिजलंय?"
तो पान बघतो, उगाच, पाठ असूनही.
"जवच. पण आज कांदा
जरा करपलाय."