भोपळ्यावरचा पाऊस

ओकुंबे म्हातारा वाळका भोपळा पोटाशी धरतो
आणि दहा बोटांनी त्यावर पाऊस पाडतो.
आधी टपटप, मग सरसर,
मग इतका दाट की मीसुद्धा वर बघते.
कान्याबोली तळ्याच्या काठी आभाळ कोरडं ठाक,
लव्हाळी करपलेली, चिखलाच्या फरशा झालेल्या.
"गप्प," तो म्हणतो. मी बोलतच नव्हते.
दोन हात खालून कुणीतरी कुरकुरतं.
तिथे कुदळ.

कामोंगो असा सापडतो: फसलेला, झोपेत बडबडलेला,
स्वतःच्याच शेंबडाच्या कागदात गुंडाळलेला,
तोंडापाशी श्वासापुरतं भोक.
सात महिने घोटभर पाणी नाही.
सात महिने लघवी नाही.
मी त्याच्या रक्ताचा एक थेंब तपासते,
युरियाचा आकडा बघून नवीन पोरं यंत्राला टपली मारतात.
यंत्र ठीक आहे.
एवढ्यात माणूस तीनदा मेला असता.

त्याच्या मेंदूच्या तळातून एक निरोप्या निघतो,
नऊ मण्यांची इवलीशी माळ, नाव व्हॅसोटोसिन.
मूत्रपिंडातल्या नळीपाशी येऊन पेशीची कडी वाजवतो.
आत कधीच जात नाही.
उंबऱ्याबाहेरूनच सांगतो, पाणी नाही.
आत एकजण दुसऱ्याला सांगतो, दुसरा दहांना,
दहा हजारांना, भावकीत बातमी फुटावी तसं,
आणि तळघरात गुंडाळून ठेवलेली दारं
वर आणून भिंतीत बसवली जातात.
पाण्यापुरतीच दारं, मीठसुद्धा त्यातून जात नाही.
निसटू पाहणारा थेंब तिथून मुकाट रक्तात परततो.

हे मी ओकुंबेला धोलुओत सांगितलं, हातवारे करत.
त्याची अडोंगो मंगळवारी-शुक्रवारी
किसुमूला यंत्राला लागते,
तिचं बसभाडं माझ्या माशांतून निघतं.
"म्हणजे याचं बंद पडलेलं पुन्हा चालू होतं."
हो.
"आणि तिचं?"
मी परीक्षानळ्या धुवायला घेतल्या.
त्या धुतलेल्याच होत्या.

काल संध्याकाळी ढेकूळ टाकीत ठेवलं, पाणी सोडलं.
माती विरघळली, कागद सुटला,
दोरीसारखे चार पाय, की पर, हलले.
आता माशाखालून एक बारीक नळी,
नळीच्या टोकाला काचेची कुपी,
आणि कुपीकडे डोळे लावलेली तीन शिकलेली माणसं.
बर्गनला सहा वर्षं काढलेले डॉक्टर न्यांग्वेसो
फरशीवर मांडी घालून.
माझी आई शेजारणींना सांगते, पोरगी सरकारी कामावर आहे.
सरकारी काम म्हणजे रात्रभर जागून
एका माशाने मुतायची वाट बघणं.

पाणी आलं, असा सांगावा त्या घरी जातच नाही.
"नाही"चा सांगावा येईनासा होतो, एवढंच.
कडी वाजत नाही.
घर जरा वेळ कानोसा घेतं.
मग कुणीतरी उठतं
आणि एकेक दार काढून तळघरात ठेवू लागतं.

चार वाजून दहा मिनिटांनी नळीत काहीतरी सरकलं.
पिवळं नव्हे, तपकिरी, कालच्या चहासारखं.
एक थेंब. मग बराच वेळ काही नाही.
मग थेंबामागून थेंब, सात महिन्यांचं साठलेलं.
आम्ही ओरडलो. डॉक्टरांनी मला मिठी मारली
आणि लगेच वही शोधू लागले.

दाराशी झोपलेला ओकुंबे दचकून उठला.
अडोंगोला या शुक्रवारी ठेवून घेतलंय,
काही झालं तर नर्स फोन करेल म्हणाली होती.
त्याने कुपीकडे पाहिलं, दात नसलेलं हसला,
मग छातीवरचा फोन उचलला.
रात्रभर वाजला नव्हता.
त्याने तो उजेडात धरला, बटण दाबलं,
चार्जिंग आहे ना, ते बघितलं.