बत्तीसची गोटी

सलमाबादच्या मागच्या गल्लीत
दुपारी दोनला शटर अर्धं ओढलेलं.
बाहेर ऑगस्ट, आत मी आणि पानेच पाने.
एकोणीस वर्षं विकतोय.
स्वतःच्या हाताने नट खोलले असतील दहा-बारा;
हे गिऱ्हाइकाला सांगत नाही.

गिऱ्हाईक नटाला शिव्या देतच आत येतं.
मी आधी विचारतो, आतापर्यंत काय काय केलंत?
नट काही हट्टी जन्मत नाही.
कुणी बारा कोनांची गोटी लावून त्याचे कोपरे खाल्लेले असतात,
कुणी एअर गनने असा आवळलेला
की जणू चाक पळूनच जाणार होतं.

अबू जासिमच्या होडीची ट्रॉली
रोज समुद्रात उतरते.
मीठ पिऊन पिऊन तिचे नट फुगलेले.
त्याला मी नट चिरायचं हत्यार दिलं.
वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.
गुलजमानच्या जुन्या ट्रकचे
डाव्या चाकांचे आटे उलटे.
घामाघूम होऊन तासभर तो नट घट्टच करत होता.
त्याला काहीच विकलं नाही. चहा पाजला.

मग ती आली. सलमानियातली नर्स,
रात्रपाळीचे डोळे, हातात फोनवर एक फोटो:
जुनी कोरोला, पुढचं चाक,
मधोमध एक्सलचा नट, तांबूस, गप्प.
माझ्या शर्टावरचं नाव वाचून म्हणाली,
"परकार? म्हणजे खेडकडचे?"
आणि मराठीतच भाव करायला लागली.
कुंदा भालशंकर, उमरग्याची.
गॅरेजवाला पंचेचाळीस दिनार मागतोय.
"पंचेचाळीसात माझ्या भावाची फी निघती."

मी कपाटातून काढत गेलो:
सहा कोनांची गोटी, बत्तीसची, जाड भिंतीची.
हातभर लांब दांडा.
दांड्यावर चढवायला पाईप,
तो भंगारातला, फुकट.
गंज सोडवायचं तेल, लाल डबा.
एअर गनकडे तिने पाहिलं; मी मान हलवली.
म्हटलं, गाडी उचलायच्या आधी नट ढिला करा,
चाक जमिनीवर, कुणीतरी ब्रेक दाबून बसू दे.
तेल टाका, रात्रभर राहू द्या, घाई नको.

ती हसली.
"चिकटलेलं ड्रेसिंग आम्ही ओढत नाही, भाऊ.
सलाईनने भिजवतो. माणूस कितीही ओरडू दे,
भिजेपर्यंत थांबतो."
अकरा दिनार सातशे फिल्स.
सातशे मी सोडले.

शुक्रवारी आली ती थेट काउंटरशी,
तळहातावर काळे वंगण,
अंगठ्यावर पट्टी, नीट बांधलेली.
तो नट तिने काचेवर ठेवला, खण्‌.
"ही घडी तुम्ही सांगितली नाही."

नटाची कड एका जागी ठोकून
एक्सलच्या खाचेत दाबलेली असते,
आपोआप सुटू नये म्हणून.
ती आधी उचलावी लागते.
एकोणीस वर्षं. आणि नेमकं तेच राहिलं.

पाईप वाकेपर्यंत ती आणि रूममेट लोंबकळल्या.
मग ती खाली बसली, टॉर्च लावला,
जखम बघावी तसं बघितलं,
आणि बोथट छिन्नीने, हलक्या हाताने,
कड वर आणली.
"मग सुटला. लई आवाज करून सुटला."

मी म्हणालो, जुना परत लावू नका,
घडी एकदा मोडली की धरत नाही.
नवा देतो. पैसे नकोत.
तिने तरी चारशे फिल्स मोजून ठेवले,
पाईप मात्र परत न्यायला आणला नव्हता;
म्हणाली, राहू दे, अजून डावीकडचं चाक आहे.

तिचा नट गल्ल्यात पडून आहे, चिल्लरशेजारी.
आता कुणी आलं की
मी सगळ्यात आधी कडेचं सांगतो.