फुल टू फुल

पंपावरचा मुलगा आता 'किती?' विचारत नाही.
त्याला ठाऊक आहे,
नोझल पहिल्यांदा खटकन् बंद पडलं
की ताई हात वर करतात.
त्यावर एक थेंब नको. राउंड फिगर नको.
सव्वीसशे त्र्याऐंशी, तर सव्वीसशे त्र्याऐंशी.

मग गाडी बाजूला घेऊन
मी डायरी काढते,
किलोमीटर भागिले लिटर,
दोन दशांश स्थळांपर्यंत.
सातपूरच्या नटबोल्टच्या कारखान्यात
बावीस वर्षं अकाउंट्स बघते मी.
अंदाजाला आमच्याकडे खातं नाही.

एप्रिलात आकडा होता चौदा पॉइंट सहा.
उपेंद्रने वाचला, चष्मा काढला,
म्हणाला, "वॅगन आर आहे की टँकर?"
आणि रविवारी डिकी उपसली.
निघालं: पांढऱ्या सिमेंटचं दगड झालेलं अर्धं पोतं,
कुणाच्या तरी लग्नात मिळालेला डिनर सेट, सेलोटेपसकट,
पाण्याचे दोन कॅन, त्यातला एक भरलेला,
आणि माझी हरवलेली चप्पल. डावी.
"एवढं वजन फिरवत होतीस रोज,"
तो म्हणाला, जणू चप्पलच जड होती.

मुंबई नाक्यापाशी रज्जाकभाईंनी हवा तपासली.
चारही चाकं पोटावर बसलेली.
"सकाळी येत जा, टायर थंड असताना.
आणि ताई, पाय असा ठेवा
की खाली अंडं आहे."
मी शाकाहारी. पण जमलं.

आता त्र्यंबक नाक्याचा सिग्नल दुरूनच वाचता येतो.
लाल दिसला की आधीच पाय उचलते.
मागचा हॉर्न देतो, देऊ दे,
ओव्हरटेक करून तोही तिथेच उभा असतो
माझ्या शेजारी, ब्रेक तापवून.
नव्वद सेकंदांचा आकडा दिसला की इंजिन बंद.
तेवढ्यात एखादी गोष्ट आठवते,
एखादी विसरते.
मायको सर्कल, आयटीआय,
चौथा गियर चाळिशीतच टाकायचा,
हे मला पन्नाशीत कळलं.
सप्टेंबरात अठरा पॉइंट सात.
महिन्याचे आठशे रुपये,
नुसता पाय उचलून.

पण दुसऱ्या शनिवारी हाफ डे असतो.
सातपूरहून सरळ गेलं की घर.
मी डावीकडे वळते.
आनंदवल्ली, सोमेश्वर,
पुढे द्राक्षबागांच्या तारा दोन्हीकडून मागे पळतात.
एसी फुल आणि चारही काचा खाली,
दोन्ही एकदम.
हे पाप कुठल्याच मेकॅनिकला सांगता येणार नाही.
अंड्याचं काय व्हायचं ते होवो.
कुठे पोचायचं नसतं,
धरणाची भिंत दिसली की वळायचं.

डायरीत ओळ पडतेच. खोटं लिहायचा हात नाही माझा.
म्हणून वेगळं खातं काढलं:
'हवा – एकशे साठ रुपये.'

तीन महिने चाललं.
चौथ्या महिन्यात उपेंद्र डायरी घेऊन
रज्जाकभाईंशी भांडायला गेला.
"टायरात नायट्रोजन भरता की अत्तर?"
ते बिचारे बघतच राहिले.
"साहेब, ताईंकडून हवेचे मी कधी
दहा रुपयेसुद्धा घेतले नाहीत."

घरी येऊन तो काही बोलला नाही.
जेवताना दोनदा माझ्याकडे पाहिलं,
तिसऱ्यांदा लोणच्याकडे.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी
कारखान्याच्या फाटकाशी उभा, रिक्षाने आलेला
(रिक्षाचे दीडशे मी मनात खर्ची टाकले),
दार उघडून शेजारी बसला, पट्टा लावला.

मी डावीकडे वळले.
काचा खाली. एसी.
त्याचे उरलेले केस उभे राहिले.
सोमेश्वरपर्यंत तो पेट्रोलच्या काट्याकडे बघत होता,
नंतर बागांकडे.
भिंत दिसायला लागली तेव्हा म्हणाला,
"अजून तिसऱ्यावर का ओढतेस?
चौथा टाक."

टाकला.