एक वीत

चाळीस वर्षं लोक माझ्याकडे एकच तक्रार घेऊन यायचे:
"आवाज येतोय."
कुठून, ते सांगता यायचं नाही.
मग तोंडानेच काढून दाखवायचे,
पाद्री काय, कोळी काय, शाळेतल्या बाई काय,
माझ्या गॅरेजात उभं राहून
खर्र, कट् कट्, हूंऽऽ.
मी कान लावायचो, हात काळे करायचो,
आवाज घालवायचो.
त्याचेच पैसे घेतले जन्मभर.

आता मोल्देच्या उतारावरून गाड्या
तेल ओघळावं तशा येतात.
गॅरेज विकलं. तिथे पाव मिळतात, महागडे.
वरच्या आळीतली हाल्दिस सांगते,
फ्योर्डचं पाणी खडकाला लागतं, तेवढंसुद्धा
तिला बिछान्यात ऐकू येतं.
साठ वर्षं राहतेय इथे,
पाणी आहे हे बघूनच माहीत होतं.

माझ्या गुडनीचे डोळे साखरेने खाल्ले.
आधी कडा गेल्या, मग पाटीवरची अक्षरं,
मग मी.
तरी खिडकीत बसून ती सांगायची:
हा तोर्लेइफचा ट्रक, दुसऱ्या गिअरला अडतो.
ही सुईण निघाली, कुणाची तरी वेळ भरली.
हल्ली विचारते,
गाव रिकामं झालंय का रे,
की माझे कानही निघाले?

फेब्रुवारीतली सकाळ.
आमचीही बॅटरीवरचीच, जुनी, मुकी, सेकंडहँड.
अंगणातून मागे घेत होतो.
बर्फ इतका ताजा की चाकंही बोलली नाहीत.
मान वळवली. जराशी उशिरा वळवली.

ती टपालपेटीपाशी, माझ्याकडे पाठ,
हातमोजा दातात धरून
पाकिटं चाचपत होती.

उतरलो, मोजलं.
बंपर आणि तिचा कोट,
मध्ये अंगठा ते करंगळी.
"अजून निघाला नाहीस?" तिने विचारलं.
"निघतोय," म्हटलं.

मार्चमध्ये नगरपालिकेने वाचनालयात बोलावलं.
गोथेनबर्गहून एस्किल नावाचा पोरगा आला होता,
डबीत सहा आवाज घेऊन.
एक भुंग्यासारखा. एक चर्चमधल्या बाजाच्या
शेवटच्या सुरासारखा, पाय उचलल्यावर उरतो तो.
एक, म्हणाला, आकाशातल्या हिरव्या उजेडाचा.
कुणी हसलं नाही. आम्ही सभ्य गाव आहोत.

हाल्दिस उठली:
"आत्ता कुठे शांतता मिळालीय मरायच्या आधी.
दोघाचौघांसाठी सगळ्या गावाने का गुणगुणायचं?"
मग तिला पांढरी काठी दिसली. बसली.
पण तिचंही खोटं नव्हतं.

गुडनी म्हणाली, "छान आहेत रे सगळे.
तिथेच चुकतंय.
छान आवाज ऐकत माणूस उभा राहतो.
मला बाजूला व्हायचंय."

एस्किलने लिहून घेतलं. "मग कसा हवा?"

"कोण आलं ते कळेल असा.
सगळे एकाच सुरात आले
तर गाड्या कळतील,
तोर्लेइफ नाही कळणार."

हे नियमात बसत नाही, तो हळूच म्हणाला,
आणि तरी लिहून घेतलं.
मी काही बोललो नाही.
खिशात माझा पंजा ताणलेला होता,
अंगठा ते करंगळी.

माळ्यावर बापाच्या डोंगरातल्या गोठ्याची
गाईची घंटा होती. तारेने बांधली बंपरला.
तपासणीत काढायला लावतील.
हाल्दिस मला बघून खिडकी लावते,
जरा जोरातच.
माझ्या कानालाही खुपते ती;
अजून हात जातो पान्याकडे.

पहिल्या संध्याकाळी गुडनी दारात उभी होती.
"ही कसली रे थेरं?"
"गंमत," म्हटलं.

ती पायरी उतरली,
काठीने बंपर शोधला, मग घंटा,
मग घंटेवर हात ठेवून, ती गप्प झाल्यावर,
म्हणाली:
"किती राहिलं होतं त्या दिवशी?"