वरून

पत्र आलं नाही. फोन आला,
तोही जेवणाच्या सुट्टीत:
"त्या क्रिप्टोवालीचं खातं आपल्या शाखेत नको."

प्रणोती गुल्हाने, दारव्हा.
झेरॉक्सच्या वरची खोली, एक पंखा, दोन लॅपटॉप,
जीएसटीच्या पावत्या तारखेनं टाचलेल्या.

"काहून पण, साहेब? काय चुकलं?"
"काही नाही. वरून आहे."
"मंग लेखी द्या न तसं."

मी फॉर्म सरकवला.
छापील कारण एकच: ग्राहकाच्या विनंतीवरून.
तिनं दोनदा वाचलं.
पेनाची दोरी तिच्यापर्यंत पुरत नव्हती,
मीच काउंटरवर वाकून
ताणून धरली.

सही झाल्यावर ती हसली, म्हणजे तसं काहीतरी.
"वरून, वरून.
मीबी तं वरतीच बसतो, साहेब.
म्या नाही केला कोनाले फोन."